साईडपट्टी

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलं की डोलवी मागे पडते आणि रस्ता धरमतरच्या पुलावर चढतो. खाली अंबा नदी. इथवर येईतो ती नदी कमी आणि खाडी जास्त झालेली असते. दोन्ही तीरांना जेट्ट्या, बार्जमधून उतरणारा कोळसा आणि लोहखनिज. पुलापलीकडे शहाबाज, मग पोयनाड, पेझारी, कार्लेखिंड आणि शेवटी अलिबाग. डोलवीच्या पोलाद कारखान्यातली कॉइलं साखळदंडांनी ट्रेलरवर आवळून वडखळकडे निघतात. शनिवारी सकाळी मुंबईच्या मोटारी उलट दिशेने, समुद्राच्या ओढीने येतात. मधल्या फटींतून एसटी, मिनिडोअर, वाळूचे डंपर, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली. आणि या सगळ्यांच्या डाव्या अंगाला, डांबर जिथे संपतं त्या कडेवरून, सायकली चाललेल्या असतात.

पूर्वीच्या मानाने त्या कमी झाल्या आहेत. ज्याला जमलं त्याने हप्त्यावर मोटरसायकल घेतली. त्यामुळे आज या रस्त्यावर सायकलवर दिसतो तो बहुतेक करून दुसरा पर्याय नसलेला माणूस: ठेकेदाराकडे कामाला असलेला परप्रांतातला मजूर, खारभूमीच्या बांधाकडे निघालेला म्हातारा आगरी शेतकरी, शाळेतून घरी परतणारी मुलं. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, पावसाळ्यात अंगावर खताच्या गोणीचा प्लॅस्टिकचा कागद. दिवा नाही. मागच्या मडगार्डवर कधी काळी लाल काच होती, ती फुटून नुसतं पत्र्याचं कोंदण राहिलेलं.

मी पेणचा. नोकरी अलिबागला होती, त्यामुळे हा रस्ता मी एसटीच्या खिडकीतून पाहिला, स्कूटरवरून पाहिला, मोटारीच्या काचेतून पाहिला आणि निवृत्तीनंतर सायकलवरूनही पाहू लागलो. रस्ता तोच असला तरी प्रत्येक बैठकीवरून तो निराळा दिसतो. मोटारीत असताना सायकलवाला हा कडेचा एक तपशील असतो, झाडासारखा किंवा मैलाच्या दगडासारखा. सायकलवर बसल्यावर मात्र मागून येणाऱ्या इंजिनाच्या आवाजाखेरीज दुसरं काही सुचत नाही. गाडी किती मोठी आहे, तिने आपल्याला पाहिलं आहे का, समोरून कुणी येत आहे का, हे सगळं पाठमोऱ्याने कानांनी ओळखायचं असतं.

वेगातला ट्रेलर जवळून जातो तेव्हा त्याच्या नाकाने ढकललेली हवा आधी आपल्याला बाहेर, मातीकडे लोटते. पुढच्याच क्षणी त्याच्या अंगाशेजारची पोकळी आपल्याला आत, चाकांकडे ओढते. हे दोन धक्के एका श्वासात बसतात. हँडल घट्ट धरून सरळ राहायचं म्हटलं तरी सायकल हातभर हलते. ड्रायव्हरच्या हिशेबात मात्र सायकल सरळ रेषेत चाललेली असते आणि तिच्या शेजारून वीतभर अंतर पुरेसं असतं.

मला इतक्या वर्षांत जे एक कळलं आहे ते असं. आपल्याकडे चालक ट्रकला ओव्हरटेक करतो, एसटीला ओव्हरटेक करतो, बैलगाडीलासुद्धा करतो. सायकलला तो ओव्हरटेक करत नाही. तिच्या शेजारून तो नुसता जातो. ओव्हरटेक म्हटलं की समोरचा रस्ता मोकळा आहे का ते पाहणं आलं, आरसा, इंडिकेटर, हॉर्न आलं, थांबणं आलं. सायकलसाठी यातलं काहीच केलं जात नाही, कारण ती रस्ता अडवते आहे असं त्याला वाटतच नाही. ती कडेला आहे, आणि कड म्हणजे रस्ता नव्हे, अशी समजूत. अपघातांचं मूळ मला बेदरकारपणापेक्षा या समजुतीत जास्त दिसतं. बेदरकार माणसं थोडी असतात. ही समजूत मात्र सज्जन, कुटुंबवत्सल, अगदी सावकाश चालवणाऱ्या माणसाचीही असते.

थोडा हिशेब करून पाहू. आपल्याकडचा दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो, म्हणजे एका दिशेला साडेतीन मीटर. सायकलवाला डांबराच्या कडेपासून अर्धा मीटर आत चालला आणि त्याच्या हँडलची निम्मी रुंदी धरली, तर त्याचा उजवा हात कडेपासून सुमारे पाऊण मीटरवर येतो. त्याच्या हाताशेजारी दीड मीटर मोकळं ठेवलं. ट्रेलरची स्वतःची रुंदी अडीच मीटर. बेरीज पावणेपाच मीटर होते. म्हणजे ट्रेलरला सायकलशेजारून नीट जायचं असेल तर सव्वा मीटर समोरच्या बाजूत शिरावंच लागतं. समोरून गाडी येत असेल तर ते शक्य नाही, मग थांबायचं. मधला मार्गच नाही. रोज हजारदा जो मधला मार्ग काढला जातो तो सायकलवाल्याच्या दीड मीटरमधून कापून घेतलेला असतो.

हे दीड मीटर मी मनाने काढलेलं नाही. जर्मनीने २०२० साली हे अंतर कायद्यात आकड्यानेच लिहिलं: वस्तीत किमान दीड मीटर, वस्तीबाहेर दोन. तिथल्या सायकलींना आणि आपल्या सायकलींना लागणारी हवा तीच आहे.

आता थांबण्याची किंमत मोजू. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे, तुम्ही ६० ने येत होतात. समोरची गाडी जाईपर्यंत दहा सेकंद तिच्या मागे राहिलात. तेवढ्यात जे अंतर तुम्ही एरवी कापलं असतं त्यातलं पाऊण मागे राहिलं, म्हणजे साडेसात सेकंद गेले. वडखळपासून अलिबागपर्यंत अशा दहा सायकलींमागे थांबलात तर सगळी मिळून सव्वा मिनिट. वडखळ नाक्यावर वाहतूक तुंबली की आपण इंजिन बंद करून अर्धा अर्धा तास काढतो आणि त्याला नशीब म्हणतो. सव्वा मिनिटाला मात्र आपण उशीर म्हणतो.

साईडपट्टीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सायकलवाल्याचं निम्मं आयुष्य तिथे ठरतं. डांबर आणि शेताचा उतार यांच्यामधली ही मातीची, मुरमाची पट्टी. कागदावर ती रस्त्याचाच भाग असते. प्रत्यक्षात रस्त्यावर डांबराचा थर चढतो, काही वर्षांनी आणखी एक थर चढतो, आणि साईडपट्टी मात्र पावसाने दरवर्षी थोडी धुपत जाते. एक वर जातं, एक खाली. कोकणातल्या पावसाचे तीनचार हंगाम गेले की दोहोंमध्ये वीतभर उंचीची धार तयार होते. डांबरावरून जाणाऱ्या मोटारीला ती जाणवतही नाही. सायकलवाल्याला मागून जोरात हॉर्न बसतो, तो दचकून खाली उतरतो. उतरताना एक हिसका बसतो, तो सोसला जातो. खरी मुश्कील परत वर येताना. सायकलचं चाक त्या धारेला जवळजवळ समांतर लागलं तर ते वर चढत नाही, धारेला घासत राहतं, हँडल वळतं आणि माणूस उजवीकडे, म्हणजे डांबरावर, आडवा होतो. मागचा ट्रक ६० ने येत असेल तर तो सेकंदाला जवळजवळ १७ मीटर येतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद गेलेला असतो.

पोयनाडजवळ टपरीवर भेटलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने हेच मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. त्याच्या जुन्या चोवीस इंची सायकलचं पुढचं चाक वाकडं झालं होतं आणि तो ते गुडघ्यात धरून सरळ करत होता. ‘गारी आली का आमी खाली उतरतो, दादा. पन परत वर चरताना मागं कोन हाय ते बगाला वेल नसतो.’ एवढं बोलून तो पुन्हा चाकाच्या तारा चाचपू लागला.

पुलावर तर उतरायलाही काही नसतं. भरावाच्या रस्त्यावर निदान माती असते. पुलावर एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला वाहनं. खाडीवरचा वारा आडवा लागतो, विशेषतः पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. चढ असल्याने सायकल मंद झालेली असते आणि मंद सायकल जास्त डुगडुगते. धरमतरच्या पुलावर मी सायकल चालवतो तेव्हा कडेला चिकटून जात नाही, चांगला हातभर आत राहतो, म्हणजे मागच्याला शेजारून घुसायचा मोह होत नाही. त्याला एक तर नीट ओव्हरटेक करावं लागतं, नाही तर पूल संपेपर्यंत मागे यावं लागतं. शिव्या पडतात. पण मागून शिव्या देणाऱ्याने मला पाहिलेलं असतं, आणि पाहिलेल्या माणसाला कुणी मुद्दाम उडवत नाही. कडेला अंग चोरून चालणारा सायकलवाला नम्र दिसतो, पण त्याचा तो नम्रपणा त्याला वाचवत नाही. नवख्या सायकलवाल्याला मी हेच सांगतो: जिथे दोघांना जागा नाही तिथे जागा असल्यासारखं भासवू नकोस.

दुसरी बाजूही मला जवळून पाहायला मिळाली. वडखळच्या अलीकडे एका ढाब्यावर पाथर्डीकडचे एक ट्रेलरचालक भेटले. बोलता बोलता विषय निघाला, तसे ते उठले आणि मला म्हणाले, ‘साहेब, या, बसा माझ्या सीटवर.’ मी कसाबसा पायऱ्या चढून बसलो. त्यांनी ढाब्यावरच्या पोराला सायकल घेऊन डाव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ उभं राहायला सांगितलं. ‘दिसतंय का पोरगं?’ मी वाकून पाहिलं, आरशात पाहिलं. आरशात ट्रेलरची लांबलचक कड दिसत होती आणि तिच्यापलीकडे ढाब्याची बाज. पोरगं नव्हतं, सायकल नव्हती, त्याच्या डोक्यावरची टोपीसुद्धा नव्हती. मग त्यांनी वळणाची गोष्ट समजावली. ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा पुढची चाकं बाहेरून फिरतात आणि मागची चाकं बरीच आतून, कोपरा कापून येतात. डोकं पुढे निघून गेलं म्हणून सायकलवाला निर्धास्त होतो आणि शेपूट त्याच्यावर येतं. ‘माझं मागचं चाक कुठून जाणार ते मलाच अंदाजाने धरावं लागतं. त्याला कसं कळणार?’

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकलो. ते म्हणाले, ‘सायकलवाल्याने मान वळवून एकदा मागे बघितलं ना, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. तोंड दिसलं की माणूस दिसतो.’ हे मी नंतर करून पाहिलं आहे. मागून गाडी आली की एकदा मान वळवून स्पष्ट बघायचं. बऱ्याच गाड्या त्या क्षणी थोडी उजवी बाजू घेतात. ज्याला तोल सांभाळून मागे बघता येत नाही त्याने मोठ्या रस्त्यावर येण्याआधी गावातल्या मैदानावर हे शिकावं. शाळेने मुलांना शिकवावं. सायकल चालवायला शिकवताना आपण फक्त पडू नये एवढंच शिकवतो.

त्या चालकांबद्दल मला राग नाही. कॉइल घेऊन निघालेला माणूस रात्रभर जागलेला असतो, घाटातून आलेला असतो, गाडी वेळेत खाली झाली नाही तर त्याची पुढची फेरी जाते. २०१८ साली केंद्राने अवजड वाहनांची वजनमर्यादा वाढवली. ट्रेलरसकट एकूण वजन आता ५५ टनांपर्यंत नेता येतं. एवढं वजन थांबवायला किती अंतर लागतं हे तोच जाणतो. पण म्हणूनच त्याच्यावर जास्त भार येतो. दोघांनी चूक केली तर दोघांना सारखी शिक्षा होत नाही. ४० च्या जागी ६० चा वेग असला की धडकेचा जोर दीडपट होत नाही, दुपटीहून जास्त होतो. आणि तो सगळा जोर एकट्या सायकलवाल्याच्या शरीराने झेलायचा असतो.

कायद्यालाही हे मान्य आहे. मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ यांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी चालकाने घ्यावी असं लिहिलेलं आहे. पण लायसन्सच्या परीक्षेला बसलेल्या किती जणांना ते आठवतं? माझ्या लहानपणी पोलिसाचं लक्ष सायकलवर असायचं. परवान्याचा बिल्ला नसला, संध्याकाळी दिवा नसला, डबलसीट दिसलं की शिट्टी वाजायची, कधी चाकातली हवा काढून घेतली जायची. त्या जाचाचं मी कौतुक करत नाही. पण त्या काळी सायकल रस्त्यावरचं एक वाहन म्हणून गणली जात होती. आता तिला कुणी अडवत नाही, कारण कुणी तिच्याकडे पाहत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पावणेपाच हजारांहून अधिक सायकलवर होती.

त्याच पुलावरून शनिवार-रविवारी दुसऱ्या प्रकारचे सायकलवालेही जातात. मुंबई-पनवेलहून पहाटे निघालेले, डोक्याला हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा. त्यांच्यातले काही ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या करतात. रात्रीच्या टप्प्यात पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट नसेल तर तिथे चालत नाही. नियम साधा आणि शहाणपणाचा आहे. मला त्यांचं येणं आवडतं. त्यांच्यामुळे पुष्कळ मोटारचालकांना पहिल्यांदाच सायकलवाल्यासाठी वेग कमी करायची सवय लागली. पण ती सवय सोमवारी दुसऱ्या सायकलवाल्यापर्यंत पोचत नाही हे मी पाहतो. ज्याच्या अंगावर भडक जाकीट नाही, जो रोज अंधारातच जातो आणि अंधारातच येतो, त्याच्या सायकललाही तोच लाल दिवा हवा आहे. तो शेदोनशे रुपयांत मिळतो. कामगारांना हेल्मेट आणि बूट देणाऱ्या कुठल्याही ठेकेदाराला गेटवर सायकलींसाठी दिवे आणि रेडियमच्या पट्ट्या देणं जड जाऊ नये. पट्टी मागच्या मडगार्डला एक आणि दोन्ही पेडलना लावावी. पेडल वरखाली होतं, त्यामुळे हा माणूस आहे हे दुरून कळतं.

पावसाळ्यातली एक गोष्ट चालकांनी ध्यानात धरावी अशी आहे. ‘सायकलवाला अचानक मध्ये आला’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. तो क्वचितच अचानक येतो. पुढे पाण्याने भरलेला खड्डा असतो, तो त्याला दिसलेला असतो आणि तुम्हाला दिसलेला नसतो. सायकलच्या पुढे डबकं दिसलं की ती उजवीकडे येणार हे धरून चालावं. रात्री समोरून सायकल दिसली तर अप्पर लावून सायकलवाल्याच्या डोळ्यांवर जाऊ नये. झोत डोळ्यांत गेला की त्याला डांबराची कड दिसत नाही, आणि कड कुठे आहे यावरच त्याचं सगळं अवलंबून असतं.

एके काळी मुंबईची आगबोट धरमतरला लागायची. उतारू इथे उतरून पुढे पेण-नागोठण्याकडे मिळेल त्या वाहनाने जायचे. तेव्हापासून धरमतर हे वाहनं बदलायचं ठिकाण आहे, आणि प्रत्येक नवं वाहन आधीच्यापेक्षा मोठं आणि वेगवान होत गेलं. वडखळवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि इथल्या माणसांनी त्याची वाट पाहण्यात तारुण्य घालवलं. रुंद रस्ता हवाच. मात्र तो रुंद करताना सायकलवाल्याची पट्टी आराखड्यातच नसेल तर रुंदीबरोबर वेगच तेवढा वाढतो. नेदरलँड्सचे लोक जन्मजात सायकलप्रेमी असं आपण समजतो. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, सरकारला जाब विचारला, आणि पुढच्या काही दशकांत रस्ते बदलले गेले. माणसं नंतर सुधारली, आधी रस्ता सुधारला.

आपल्याकडे तेवढं थांबायची गरज नाही. दरवर्षी गणपतीपूर्वी, चाकरमानी निघायच्या आत, खड्डे भरायची धांदल उडते. त्या दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालण्याचे आदेशही निघतात. म्हणजे मनावर घेतलं तर ट्रेलर थांबवता येतो आणि रस्ता पंधरवड्यात नीट करता येतो. माझं मागणं त्याच कामात बसणारं आहे. धरमतर पुलाच्या दोन्ही टोकांना मराठी-हिंदीत मोठा फलक लावावा, की पुलावर सायकलला ओव्हरटेक करू नये. आणि खड्डे भरणारा डंपर आलाच आहे तर डोलवीपासून पोयनाडपर्यंत साईडपट्टी डांबराच्या पातळीला आणावी. मुरूम नुसता ओतून जाऊ नये, त्यावर पाणी मारून रोलर फिरवावा. सैल मुरमात सायकलचं चाक रुततं.